नकार चालेल, पण कारण लिहा : पॅरिश कौन्सिलच्या सदस्यांना खुलं पत्र

मराठीत मिस्सा ऐकणाऱ्या सगळ्या धर्मग्रामांतल्या पॅरिश कौन्सिलच्या सदस्यांनो, आणि त्या कौन्सिलांचे अध्यक्ष असलेल्या फादरांनो,

सप्रेम नमस्कार.

27 एप्रिल 2025 चं इतिवृत्त माझ्यासमोर उघडं आहे. अक्षर माझंच. आदल्या दिवशी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांचा दफनविधी झाला होता. आम्ही सगळ्यांनी तो घरोघरी टीव्हीवर पाहिला होता, आणि रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, कौन्सिलची ठरलेली सभा होती. (बाहेरच्यांसाठी : धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचा आपला समाज, आणि पॅरिश कौन्सिल म्हणजे त्यातल्या लोकांची फादरांना सल्ला देणारी समिती.) पहिल्या परिच्छेदात मी लिहिलंय : 'पोप फ्रान्सिस यांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहण्यात आली.' लगेच खाली दुसरा परिच्छेद : 'त्यानंतर पार्किंगचा विषय घेण्यात आला. सविस्तर चर्चा झाली.'

सविस्तर चर्चा झाली. सहा वर्षं मी सचिव होते. हे वाक्य मी किती वेळा लिहिलं ते परवा वही चाळताना मोजायला घेतलं आणि चाळीसच्या पुढे नाद सोडला. चर्चेत कोण काय म्हणालं, शेवटी काय ठरलं, कुणी ठरवलं, यातलं काहीही त्या वाक्यात नसतं. सगळ्यांना सोयीचं वाक्य आहे. लिहिणारीलाही.

त्या दिवशीची चर्चा अशी होती. आमच्या चर्चच्या मागे एक बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते : बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावं म्हणून वाडवडलांनी खणून ठेवलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, सावकाश जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असताना आमच्याकडे केळी, भाजीपाला, फुलं पिकली ती या पाण्याच्या जिवावर. आता लग्नाच्या मोसमात गाड्या लावायला जागा पुरत नाही, म्हणून बावखल बुजवून पार्किंग करायचं असा प्रस्ताव होता. सतरा जण हजर होतो. अकरा जणांनी बुजवू नका म्हणून सांगितलं. भाजीची वाडी करणारी एक बाई म्हणाली की पलीकडच्या आळीतलं बावखल गेल्यापासून तिच्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं, चहा फाटतो. एकानं 2018 च्या जुलैची आठवण काढली, सगळी वसई पाण्यात होती तेव्हाची : 'पाण्याला जायला जागाच ठेवली नाही तर ते घरातच येणार ना?' दोघं पार्किंगच्या बाजूनं बोलले, त्यांचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. उरलेले चौघं फादरांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. फादरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हो, मन लावून ऐकलं, आणि म्हणाले, 'तुमची सगळ्यांची मतं मोलाची आहेत.' मग चहा आला.

तीन आठवड्यांनी डंपर आला. पावसाआधी उरकायचं होतं.

आता कुणी म्हणेल, ही एका धर्मग्रामाची धुणी, ती चव्हाट्यावर कशाला? म्हणूनच मी धर्मग्रामाचं नाव लिहिलेलं नाही. नाव घालण्यासारखी जागा प्रत्येकाकडे आहे. कुठे बावखल असेल, कुठे शाळेची फी, कुठे सणाच्या खर्चातली आतषबाजी. आमचे फादर माणूस म्हणून वाईट नाहीत. रात्री दोन वाजता कुणी शेवटचा श्वास घेत असेल तर स्कूटर काढून येतात. बावखल बुजवण्यामागेही त्यांचं काही कारण असेलच. ते कारण आजतागायत मला माहीत नाही, माझ्या तक्रारीचा गाभा एवढाच आहे.

आणि ही तक्रार मी पोप फ्रान्सिस यांच्या नावानं करते आहे, कारण गेल्या वर्षभरात त्यांच्या नावानं आपण बाकी सगळं केलं. फोटो लावले. सभागृहाला नाव द्यायचं घाटतंय. प्रत्येक प्रवचनात त्यांचे काळे बूट, लहानशी गाडी आणि राजवाडा सोडून सांता मार्ता या व्हॅटिकनच्या अतिथीगृहातल्या खोलीत राहणं येतं. येऊ दे, मलाही ते आवडायचं. 13 मार्च 2013 च्या रात्री त्या बाल्कनीतून आशीर्वाद देण्याआधी त्यांनी खालच्या लोकांपुढे मान लववली आणि आधी माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणाले, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण साधेपणा हा त्यांचा स्वभाव होता, तो त्यांच्याबरोबर गेला. मागे राहिली ती पद्धत, आणि ती कागदावर आहे.

ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी सिनड सुरू केला तेव्हा आपल्याला वाटलं, बिशपांची सभा, आपला काय संबंध? मग प्रश्नावली आली. कोरोनाचे दिवस होते, खरं आहे, पण आमच्याकडे ती प्रश्नावली चार जणांनी एका संध्याकाळी भरली आणि त्या चौघांत मी होते. 'धर्मग्रामात कुणाचं ऐकलं जात नाही?' अशा अर्थाचा एक प्रश्न होता. आम्ही लिहिलं, 'सर्वांचं ऐकलं जातं.' देव मला क्षमा करो.

पुढे ऑक्टोबर 2023 आणि ऑक्टोबर 2024 अशी दोन सत्रं रोममध्ये झाली. फोटो पाहिले असतील तर आठवेल : पायऱ्यापायऱ्यांचं जुनं सभागृह सोडून ही मंडळी पॉल सहावे यांच्या नावाच्या मोठ्या सभागृहात गोल टेबलांभोवती बसली होती. एकाच टेबलाला कार्डिनल, बिशप, सिस्टर, कॉलेजातली मुलगी. पोप स्वतःही तसल्याच एका गोल टेबलाशी. 2023 मध्ये चोपन्न बायकांना मतदानाचा हक्क होता. सिनडच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. आणि बोलण्याची रीत ठरवून दिलेली होती. आधी प्रत्येकानं आपलं सांगायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मग काही वेळ शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं म्हणणं पुन्हा रेटायचं नाही, इतरांचं ऐकताना आपल्या मनात काय हललं ते सांगायचं. त्यानंतरच लिहायला घ्यायचं. आमच्या सभेत दुसरी फेरी म्हणजे पहिल्या फेरीत बोललेल्यांनीच आवाज चढवून पुन्हा बोलणं.

26 ऑक्टोबर 2024 ला अंतिम दस्तऐवज मंजूर झाला आणि पोपनी एक अनपेक्षित गोष्ट केली. आजवरची रीत अशी की सिनड सुचवतो आणि नंतर पोप स्वतःचं पत्र लिहून त्यातलं काय घेतलं, काय सोडलं ते सांगतात. फ्रान्सिस म्हणाले, मी वेगळं काही लिहिणार नाही, हाच दस्तऐवज घ्या. पुढच्या महिन्यात टिपण काढून त्यांनी स्पष्टही केलं की हा दस्तऐवज पोपच्या अधिकृत शिकवणुकीचा भाग आहे. म्हणजे तो नुसता 'वाचनीय' नाही, त्याला धरून चालायचं आहे.

त्यात आपल्यासाठी दोन जागा आहेत. पहिली : पॅरिश कौन्सिल सक्तीची करा असा आग्रह. कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, 536 व्या कलमाप्रमाणे ती आजवर बिशपना योग्य वाटल्यास नेमायची असते आणि तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं असतं. आर्थिक समिती मात्र 537 व्या कलमानं प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. (पैशासाठी समिती सक्तीची आणि माणसांसाठी ऐच्छिक, हे कायदा करणाऱ्यांना 1983 मध्ये खटकलं नाही, याची मला गंमत वाटते.) दुसरी जागा मला जास्त महत्त्वाची वाटते. अधिकार असलेल्या माणसानं सल्ला मागितला आणि सल्ला देणाऱ्यांचं एकमत झालं, तर सबळ कारण असल्याशिवाय त्यापासून दूर जायचं नाही. आणि जायचंच असेल तर ते कारण नीट समजावून सांगायचं. पहिला अर्धा भाग जुनाच आहे, 127 व्या कलमात तो लिहिलेलाच होता. 'समजावून सांगायचं' हे नवीन.

अख्ख्या तीन वर्षांच्या खटाटोपातून, खंडोपखंडीच्या सभांतून मला हाती लागलेली गोष्ट ही. कुणाला ती फार छोटी वाटेल. मी सचिव होते, मला ती छोटी वाटत नाही.

पोपचा प्रभाव वगैरे आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर मोठी परिपत्रकं येतात. आपल्यापर्यंत तो येतो फार बारीक वाटेनं. माझी आजी लाल लुगड्यातली बाई, तिला सही येत नव्हती. लॅटिन मिस्सा चालू असायची, फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ, आणि आजी आपली रोझरी ओढत बसायची. घंटा वाजली की मान वर, पुन्हा खाली. तिकडे 25 जानेवारी 1959 ला, पोप होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा पोप जॉन तेविसावे यांनी जगभरच्या बिशपांची परिषद (दुसरी व्हॅटिकन परिषद) बोलावणार म्हणून जाहीर केलं. सत्त्याहत्तर वर्षांचे होते. कार्डिनलांनी त्यांना चार दिवसांचे पाहुणे समजून निवडलं होतं. त्यांनी 11 ऑक्टोबर 1962 ला परिषद उघडली आणि पुढच्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्यानंतरचे पोप पॉल सहावे यांनी ती बंद करून टाकली असती तर कुणी त्यांना अडवलं नसतं. त्यांनी ती चालवली. 4 डिसेंबर 1963 ला उपासनेवरचा दस्तऐवज 2147 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आजीच्या कानांवर फादरांचे शब्द तिच्या भाषेत पडले. फादर तोंड वळवून उभे राहिले. आई सांगते, पहिल्या मराठी मिस्साला आजी गोंधळली होती. रोझरी कधी करायची ते तिला कळेना.

परिषदेच्या दस्तऐवजात आणखी एक बदल झाला, तो डोळ्यांना दिसत नाही. ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजात 'देवाची प्रजा' हे प्रकरण बिशप आणि धर्मगुरूंच्या प्रकरणाच्या आधी आणून ठेवलं. आधी सगळे बाप्तिस्मा घेतलेले, मग त्यांतले पदाधिकारी. प्रकरणांचा क्रम बदलला, बस्स. मी सचिव म्हणून फादरांसमोर वही उघडून बसू शकले ती त्या क्रमामुळे.

आईनं पॉल सहावे यांना पाहिलं आहे. म्हणजे ती तसं सांगते. डिसेंबर 1964, मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस (जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा), कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यजमान. आमच्या गावातून पहाटेच्या लोकलनं बायका निघाल्या, डब्यात सुकेळी आणि भाकऱ्या. ओव्हल मैदानावर एवढी गर्दी की तिला एक पांढरा ठिपका दिसला आणि लोकांनी सांगितलं, तेच ते. भारतात आलेले ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी 'असतो मा सद्गमय' ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा, हे आवाहनही त्यांनी मुंबईतूनच केलं आणि 1967 च्या परिपत्रकात त्या मुंबईच्या बोलण्याची आठवण ठेवली. पुढे 1969 मध्ये भारतीय उपासनेसाठी बारा मुद्दे मान्य होऊन आले : अंजली, आरती, समई, जोडे बाहेर काढणं. त्यावरूनही किती भांडणं झाली! मेणबत्तीत जो पवित्रपणा आहे तो वातीत कसा येईल, असं विचारणारे लोक मी लहानपणी ऐकलेत.

पण पॉल सहावे यांची दुसरी एक गोष्ट मला या पत्रात सांगायची आहे, ती त्यांच्या कौतुकाची नाही. संततिनियमनाच्या प्रश्नावर जॉन तेविसावे यांनी 1963 मध्ये एक छोटा आयोग नेमला होता. पॉल सहावे यांनी तो वाढवला, त्यात डॉक्टर, अर्थतज्ज्ञ, धर्मपंडित आणि चक्क विवाहित जोडपीही घेतली. 1966 मध्ये आयोगातलं बहुमत बदलाच्या बाजूनं गेलं. जुलै 1968 मध्ये पोपचं परिपत्रक आलं ते बरोब्बर उलट. त्यावर जगभर जे वादळ झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कित्येक कॅथलिक घरांत त्यानंतर काय झालं तेही ठाऊक आहे, त्याबद्दल कुमसारातही, म्हणजे पापांची कबुली देतानाही, कुणी बोलत नाही. त्यांनी त्यानंतर दहा वर्षं पोपपद सांभाळलं, परिपत्रक एकही लिहिलं नाही.

मी त्या निर्णयाशी सहमत आहे की नाही हा प्रश्न इथे गैरलागू. पण त्या परिपत्रकाच्या सुरुवातीलाच आयोगाचा उल्लेख आहे. आयोगात पूर्ण एकमत नव्हतं आणि काही निष्कर्ष ख्रिस्तसभेच्या आजवरच्या शिकवणुकीपासून दूर जात होते, म्हणून मला स्वतः विचार करावा लागला, असं त्यांनी सांगितलं आहे. पुढे स्वतःची कारणं, पानंच्या पानं. खाली सही. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू शकता, कारण वाद घालायला समोर काहीतरी आहे. 'सविस्तर चर्चा झाली' या वाक्याशी वाद घालून दाखवा.

फ्रान्सिस यांच्या हातूनही एकदा हेच राहून गेलं. ते मी लपवणार नाही, माझी भक्ती आंधळी नाही. ऑक्टोबर 2019 च्या अ‍ॅमेझॉन सिनडमध्ये, जिथे जंगलातल्या वस्त्यांना वर्षवर्ष मिस्सा मिळत नाही तिथे विवाहित, योग्य पुरुषांना धर्मगुरूदीक्षा देण्याचा मुद्दा 128 विरुद्ध 41 मतांनी मंजूर झाला. फेब्रुवारी 2020 मध्ये पोपचं पत्र आलं. सुंदर पत्र, कविता आहेत त्यात. पण या मुद्द्यावर होकार नाही, नकार नाही, अक्षरही नाही. कारण कळलं ते त्या वर्षाच्या उत्तरार्धात, जेज्विट धर्मगुरूंच्या एका नियतकालिकात त्यांचं टिपण छापून आलं तेव्हा. चर्चा झाली, पण तिचं खरं विवेचन झालं नाही, नुसतं बहुमत मोजून भागत नाही, सिनड ही काही संसद नव्हे, असा त्यांचा सूर होता. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. पण समजलं. नदीकाठच्या त्या बायकांपर्यंत मात्र ते नियतकालिक पोचलं असेल का, कोण जाणे.

म्हणून 2024 च्या दस्तऐवजातलं 'कारण समजावून सांगायचं' हे मी वाचलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यानं स्वतःसाठीही लिहून घेतलं. हा माझा अर्थ, रोमचा नव्हे.

खरं सांगायचं तर त्या दस्तऐवजालाही सगळं पेललं नाही. स्त्रियांच्या डीकनपदाचा (धर्मगुरूच्या खालच्या दीक्षित पदाचा) प्रश्न त्यानं 'खुला' ठेवला, आणि स्त्रियांना नेतृत्वापासून रोखायला काही कारण नाही एवढं म्हणणाऱ्या त्या 60 व्या परिच्छेदाला सगळ्यांत जास्त, 97 विरोधी मतं पडली. सत्त्याण्णव. मला त्या आकड्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. विरोध किती आहे ते परिच्छेदवार छापलं. आमच्या वहीत विरोधी मत छापायची पद्धतच नाही, सगळे ठराव 'सर्वानुमते'.

एक आठवण सांगते. जानेवारी 2016 मध्ये रोमहून आदेश आला की गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे पाय धुवायला फक्त पुरुषच बसवायची गरज नाही. फ्रान्सिस स्वतः 2013 पासूनच तुरुंगात जाऊन बायकांचे, मुसलमान मुलांचेही पाय धूत होते. आमच्याकडे बारा खुर्च्यांवर तेच बारा, ट्रस्टी आणि देणगीदार, पांढऱ्या पॅन्टा घालून. आदेश येऊन तीन वर्षं झाली तरी काही हललं नाही. 2019 मध्ये बदलून आलेल्या एका तरुण साहाय्यक फादरांनी न विचारता यादी केली, त्यात सहा बायका. एक बाजारात मासळी विकणारी मावशी होती. तिनं दोन दिवस आधीपासून दगडानं घासघासून टाचा अशा स्वच्छ केल्या होत्या की फादरांना धुवायला काही शिल्लकच ठेवलं नाही. विधी चालू असताना ती पूर्णवेळ छताकडे बघत होती. घरी जाताना मला म्हणाली, 'माझ्या नवऱ्यानं बी कधी हात लावला नाय पायाला.' रोमच्या कागदानं आमच्या देवळात काय केलं याचा मला एवढाच पुरावा देता येतो.

आता तुमची उत्तरं मला माहीत आहेत, कारण मीच ती सहा वर्षं देत आले.

'ख्रिस्तसभा म्हणजे लोकशाही नव्हे.' नसेल. मी मतदान मागितलेलंच नाही. अकरा विरुद्ध दोन असूनही फादरांनी दोघांचं ऐकावं, त्यांचा अधिकार आहे. फक्त का ऐकलं ते दोन ओळींत लिहावं. 'लोक कारण वाचून भांडतील.' आत्ता काय करतात? आत्ता ते बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून भांडतात, आणि आता तिथे जागाही भरपूर झाली आहे. 'फादरांवर आधीच कामाचा केवढा बोजा.' आहेच. शाळा, कब्रस्तान, रुग्ण, लग्नाआधीचे वर्ग, सरकारी कागद. म्हणून तर लिहायचं काम सचिवाचं. फादरांनी तोंडानं सांगावं.

आणि कौन्सिलच्या सदस्यांनो, सगळं फादरांवर ढकलू नका. त्या दिवशी गप्प बसलेले ते चौघं कोण होते ते तुम्हाला माहीत आहे. आपल्यातले निम्मे सणाच्या समितीसाठी कौन्सिलवर येतात आणि मंडपाचं कंत्राट ठरलं की पुढच्या सभेला फिरकत नाहीत. सभेचे विषय आठ दिवस आधी मिळाले पाहिजेत असं मी एकदा सुचवलं, तर 'कशाला, तिथे गेल्यावर कळतंच की' असं म्हणणारे फादर नव्हते, आपल्यातलेच होते. डंपर आला तेव्हा अकरातला एकही बावखलाच्या काठावर जाऊन उभा राहिला नाही. मीही खिडकीतून बघितलं. वर सभागृहात 'आपल्या सामाईक घराची काळजी घ्या' असं फ्रान्सिस यांच्या 2015 च्या परिपत्रकातलं वाक्य असलेला फ्लेक्स लावलेला होता, मागच्या वर्षी रोपं वाटली तेव्हाचा. डंपरच्या मागे धूळ उडत होती म्हणून कुणीतरी खिडक्या लावून घेतल्या.

तेव्हा मागणं एवढंच. इतिवृत्ताच्या वहीत उजव्या बाजूला एक रकाना आखा. कौन्सिलनं काय सुचवलं ते डावीकडे, कुणी विरोध केला असेल तर तोही. फादरांनी ते स्वीकारलं नाही तर उजवीकडे कारण, त्यांच्याच शब्दांत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते पान सूचनाफलकावर लावा. जमाखर्चही लोकांपुढे ठेवायला कॅनन लॉनंच सांगितलेलं आहे, पण ते आज राहू दे, एका वेळी एकच गोष्ट.

हे आत्ताच का म्हणाल, तर फ्रान्सिस हॉस्पिटलात असताना, मार्च 2025 मध्ये, त्यांनी पुढची तीन वर्षं आखून दिली आणि महिन्याभरानं ते गेले. 2026 संपेपर्यंत हा दस्तऐवज जागोजागी अमलात आणायचा, 2027 च्या पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक धर्मप्रांतात त्याचा आढावा घ्यायचा आणि ऑक्टोबर 2028 मध्ये व्हॅटिकनला सगळ्यांची सभा. पोप लिओ चौदावे यांनी 8 मे 2025 ला बाल्कनीतून केलेल्या पहिल्याच भाषणात आपल्याला एकत्र चालणारी ख्रिस्तसभा हवी म्हणून सांगितलं आणि ही आखणी तशीच पुढे ठेवली. म्हणजे पुन्हा प्रश्नावली येणार. पुन्हा एका संध्याकाळी चार जण बसणार. यावेळी 'सर्वांचं ऐकलं जातं' असं लिहिण्याआधी वही उघडून बघावी लागेल आणि मला पुन्हा खोटं लिहायला लावू नका म्हणून हे पत्र.

आपली,
एका धर्मग्रामाची माजी सचिव

ता. क. : आमच्या नव्या सचिवांसाठी. जुनी वही अजून माझ्या कपाटात आहे. 27 एप्रिलच्या इतिवृत्ताखाली मी वेगळ्या शाईनं त्या अकरा जणांचं म्हणणं आठवेल तसं लिहून काढलं आहे आणि बाजूला अर्धं पान मोकळं सोडलं आहे. फादरांना वेळ झाला की वही घेऊन जावी. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही या.